आधी काम ठरवा, मग संगणकाचे भाग



सध्या अनेक घरांत एक वाद चालू असतो. मुलांना गेम खेळायला दणकट संगणक हवा असतो. आईबाबा म्हणतात, घेऊ, पण त्यावर काही कामही झाले पाहिजे. काम तर आपल्याकडे भरपूर आहे. गणेशोत्सव, दिवाळीचा कार्यक्रम, सुट्टीत भारतात गेल्यावर टिपलेल्या आजीआजोबांच्या गोष्टी, हे सगळे चित्रण फोनमध्ये तसेच पडून राहते आणि एक दिवस फोनबरोबरच जाते. माझे मत असे आहे की, या दोन्हींसाठी मिळून एकच संगणक घ्यावा, सुटे भाग आणून तो घरी जोडावा आणि भागांची यादी मुलांनी करावी. अट एकच. प्रत्येक भागापुढे "हा कशासाठी?" याचे उत्तर मराठीत लिहायचे.

गेम आणि व्हिडिओचे संपादन यांना लागणारे यंत्र बरेचसे सारखेच असते. पैसे कुठे घालायचे, एवढाच फरक. गेमचा भार मुख्यतः ग्राफिक्स कार्डावर पडतो. संपादनाला त्याबरोबर रॅम आणि साठवणीची जागाही भरपूर लागते.

यादीतला सर्वांत महाग भाग बहुधा ग्राफिक्स कार्ड असतो. ते निवडण्याआधी मॉनिटर पाहा. १९२० बाय १०८०च्या पडद्यावर सुमारे २१ लाख ठिपके असतात, तर ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख, म्हणजे चौपट. शिवाय ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६०च चित्रे दाखवतो. कार्डाने दीडशे तयार केली, तरी उरलेली डोळ्यांपर्यंत पोचत नाहीत. मित्राकडे आहे म्हणून घेतलेले मोठे कार्ड साध्या मॉनिटरला जोडणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

आता साठवणीचे गणित करू. कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने ४के चित्रण करत असेल, तर एका तासाचे ४५ जीबी होतात. तीन तासांचा कार्यक्रम दोन कॅमेऱ्यांनी टिपला, की झाले २७० जीबी! म्हणून चालू कामासाठी वेगवान एसएसडी, जपून ठेवण्यासाठी वेगळी हार्ड डिस्क, आणि आजीच्या आवाजाची एक प्रत घराबाहेर दुसरीकडे. रॅम ३२ जीबी असावी. पैसे कमी पडले तर रंगीत दिवे आणि काचेची पेटी यादीतून काढा, ही दुसरी डिस्क काढू नका.

पॉवर सप्लाय नावाजलेल्या कंपनीचाच घ्या. मुलांनो, तो उघडायचा मात्र कधीही नाही. प्लग काढल्यावरही आत वीज साठून राहते.

मदरबोर्ड घेताना पुढचा विचार करा. एएमडीचे एएम४ सॉकेट २०१६ साली आले. २०२२ साली निघालेला रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसरही त्यातच बसला, आणि बायॉस अद्ययावत केल्यावर अनेक जुन्या मदरबोर्डांवर चालला. ज्यांनी सॉकेट विचारपूर्वक निवडले, त्यांचा नव्या मदरबोर्डचा खर्च वाचला.

काम पाहून भाग जुळवणे हे आपल्याला नवे नाही. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. त्यात एका अतिवेगवान प्रोसेसरऐवजी अनेक छोटे प्रोसेसर एकाच कामाला जुंपले होते. हे प्रोसेसर म्हणजे ट्रान्सप्यूटर, आणि त्यांची रचना आपल्या इथल्या ब्रिस्टलमध्ये इनमॉस कंपनीने केली होती! काम वाटून घेण्याची तीच कल्पना आज तुमच्या ग्राफिक्स कार्डातही आहे. फक्त तिथे कामकरी हजारो असतात.

काही पालक म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, तयार संगणक घेऊ. त्यात गैर काही नाही. एकाच दुकानदाराची हमी मिळते, आणि कधी कधी तो स्वस्तही पडतो. पण तेव्हाही यादी आधी करा, म्हणजे दुकानात काय विचारायचे ते कळेल.

सुटे भाग घेणार असाल तर एक व्यवहाराची गोष्ट. ब्रिटनमध्ये कन्झ्युमर राइट्स ॲक्ट २०१५ प्रमाणे विक्रेत्याकडून घेतलेली वस्तू सदोष निघाली, तर ३० दिवसांच्या आत ती परत करून पूर्ण पैसे मागता येतात. ऑनलाइन घेतली असेल, तर हाती आल्यापासून १४ दिवसांत कारण न देताही खरेदी साधारणपणे रद्द करता येते. सेलमध्ये एकेक भाग घेऊन चार महिने कपाटात ठेवला, तर ही मुदत कपाटातच संपते. म्हणून सगळे भाग एकदम मागवा आणि लगेच जोडून पाहा. अनोळखी माणसाकडून वापरलेले कार्ड घेताना हे संरक्षण नसते, हेही ध्यानात ठेवा.

पालकहो, रकमेची मर्यादा तुम्ही ठरवा. तिच्या आत काय बसवायचे ते मुलांना ठरवू द्या, आणि न पटलेल्या भागाबद्दल त्यांच्याशी मराठीतच वाद घाला. पुढच्या सत्रात दोन-तीन मुलांनी आपली यादी वर्गात वाचून दाखवावी, असे मी सुचवतो. प्रश्न विचारायला आम्ही पालक मागच्या बाकावर बसू.

— एक पालक