दादीचे हाड एका क्षणात मोडत नाही

रमजानच्या पहाटे सगळ्यात आधी जाग येते ती घरातल्या म्हाताऱ्या बाईला. देवळाली कॅम्पात मार्चमध्येही पहाटेचा गारवा असतो. दादी अंधारातच उठते. नातवंडांची झोपमोड नको म्हणून दिवा लावत नाही. वुजूसाठी मोरीत जाते. मोरी ओली, पायात झिजलेली स्लीपर, डोळ्यांत ‘ईदनंतर बघू’ म्हणून वर्षानुवर्षे मागे पडलेला मोतीबिंदू. पाय सरकतो. पडल्याचा आवाजही फारसा होत नाही. पण तिला उठता येत नाही, एक पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले असते. खुब्याचे हाड मोडल्याची ही ओळखीची खूण आहे.

घरचे म्हणतात, पाय घसरला, तकदीर. पाय घसरला हे खरेच. पण त्याच मोरीत विशीतली नात घसरली तर तिला बहुधा मुका मार लागतो, दोन दिवसांत ती हिंडू-फिरू लागते. दादीचे हाड मात्र त्या पहाटे मोडलेले नसते. ते चाळीस-पन्नास वर्षे मोडत आलेले असते, आणि त्याचा हिशेब स्वयंपाकघरात, कपाटात आणि घराच्या कागदपत्रांत सापडतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. वीणा शत्रुघ्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब घरांतील तीस ते साठ वयाच्या स्त्रियांची हाडे तपासली होती. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात या बायकांच्या रोजच्या जेवणात कॅल्शियम जेमतेम 270 मिलिग्रॅम निघाले. प्रौढ माणसाला रोज 1000 मिलिग्रॅम हवे असते. त्यांतल्या कित्येकींची हाडे पन्नाशीच्या आतच ठिसूळ झाली होती. यात नवल ते काय? दूध घरात येते ते मुलांसाठी आणि चहासाठी. इफ्तारच्या दस्तरखानावर सगळ्यांना वाढून झाल्यावर जे उरते त्यावर घरची बाई रोजा सोडते. सून म्हणूनही तिने तेच केले आणि सासू झाल्यावरही सवय सुटली नाही. त्यात लवकर लग्न, एकापाठोपाठ बाळंतपणे आणि प्रत्येक बाळाला अंगावरचे दूध. शरीराने ते कॅल्शियम कुठून तरी काढायचेच होते.

देवळालीच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे, अर्थात कडू. इथली हवा आणि ऊन घ्यायला मुंबईची माणसे पिढ्यान्‌पिढ्या येत राहिली. पारशी आणि गुजराती समाजांनी त्यासाठी इथे सॅनेटोरियम बांधली. त्याच गावात दोन खोल्यांत राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईला मात्र ऊन मिळत नाही. जुन्या घरांची अंगणे गेली, गच्ची मालकाची, आणि बाहेर पडावे तर काम काय सांगायचे? यावर बुरख्याकडे बोट दाखवणारे पुष्कळ भेटतील. पण ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता या देशात सर्व समाजांच्या बायकांत सापडते. कपड्यापेक्षा मोठा प्रश्न असा की तिला उन्हात निवांत बसायला जागा कुणी ठेवली आहे का.

आता पडल्यानंतरचे. खुब्याचे ऑपरेशन शक्यतो 48 तासांच्या आत व्हावे, असे जगभरचे डॉक्टर सांगतात. उशीर झाला की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साचतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचांतला एक वर्षभरात जातो. तरीही हे पहिले दोन दिवस बहुतेक घरांत कशात जातात? हाडवैद्याकडे चोळून घेण्यात, नाशिकला न्यायचे की इथेच दाखवायचे या वादात, आणि पैसे कुणी घालायचे यात. मोठा भाऊ धाकट्याकडे पाहतो, धाकटा आखातातल्या मेहुण्याला फोन लावतो. दादीला कुणी विचारत नाही. विचारले तरी ती म्हणते, माझ्यावर खर्च करू नका.

तिला असे का म्हणावे लागते, हे रमजानमध्ये तरी नीट पाहिले पाहिजे. कुरआनने तिचा वाटा ठरवून दिला आहे. मुले असलेल्या विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत आठवा हिस्सा, मुलगी म्हणून वडिलांच्या मालमत्तेत भावाच्या निम्मा. शिवाय मेहेर वेगळा. प्रत्यक्षात मेहेर नवऱ्याच्या जनाज्याजवळ ‘माफ’ करून घेतला जातो आणि माहेरचा हिस्सा हक्कसोडपत्रावर अंगठा घेऊन मिटवला जातो. भाऊ ईदला साडी पाठवतो, तेवढ्यावर बहीण खूश. ज्या बाईच्या नावावर काहीच नाही तिने मोतीबिंदू काढायचा, चष्मा बदलायचा, अर्धा लिटर दूध वाढवायचे, तर प्रत्येक वेळी हात पसरायचा. वाटणीच्या वेळी जी रक्कम वाचली असे भावांना वाटले, ती म्हातारपणी अशी वसूल होते.

जकातीचा मसला इथे अनेकांना ठाऊक नसतो. मुलाची जकात आईला लागत नाही, कारण आईचा खर्च हे त्याचे कर्तव्यच आहे, दान नव्हे. शेजारच्या गरजू बाईच्या ऑपरेशनला मात्र ती खुशाल द्यावी. रमजानमध्ये सामानाच्या पिशव्या भरपूर वाटल्या जातात आणि वाटाव्यातही. पण गल्लीतल्या एखाद्या आजीचा मोडलेला खुबा पैशाअभावी तसाच राहिला असेल तर आधी तिकडे पाहिले पाहिजे.

सरकारी सोयीही आहेत. सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही, उत्पन्नाची अट न घालता, ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरील गरजूंना काठी, वॉकर, चष्मा यांसाठी 3000 रुपये एकदा मिळण्याची तरतूद आहे. अडचण कागदांची. अनेक दादींची आधारवरची जन्मतारीख कुणीतरी अंदाजाने लिहिलेली आहे, त्यामुळे खरी पंचाहत्तरीची बाई कागदावर पासष्टची निघते. हे दुरुस्त करायला पडण्याआधीच जावे लागते. पाय मोडल्यावर रांगेत कोण उभे राहणार?

रोज्याबाबतही दादी हट्टी असते. वृद्ध आणि आजारी माणसाला शरीअतने सवलत दिली आहे. पुन्हा रोजा ठेवण्याची ताकद येण्याची आशाच नसेल तर प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवण, म्हणजे फिदया. नमाज खुर्चीवर बसून होते. ब्लडप्रेशरची गोळी कधी घ्यायची हे डॉक्टरांना न विचारता दिवसभर पाण्याविना राहिले की चक्कर येते, आणि तीही नेमकी मोरीच्या वाटेवर. तिला हे सांगण्याचे काम मौलानांनी केले तर ती ऐकेल. मुलाचे ती ऐकत नाही.

कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत घर वाढवायचे म्हटले की परवानग्यांचे लचांड असते, ही तक्रार जुनी आहे. मोरीच्या भिंतीला हाताने धरायची दांडी बसवायला, खरखरीत पट्ट्या लावायला आणि वाटेत एक छोटा दिवा रात्रभर जळता ठेवायला ते लचांड नाही. उद्याच्या सहरीला दादीच्या आधी घरातल्या कुणीतरी उठावे आणि मोरी पुसून घ्यावी.