माळ्यावरचा संगणक भंगारात देण्यापूर्वी

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की पहिली नजर माळ्यावरच्या जुन्या संगणकाकडे जाते. जाडजूड मॉनिटर, पिवळी पडलेली पेटी, धुळीने भरलेला की-बोर्ड. मुलांना तो नको असतो, घरात जागा हवी असते आणि भंगारवाला दारात उभाच असतो. पण आपल्या घरात कोणाचे मोटार दुरुस्तीचे गॅरेज असेल, तर या पेटीचा निकाल लावण्यापूर्वी थोडे थांबावे. वीस-पंचवीस वर्षांची जुनी गाडी तंदुरुस्त ठेवण्यासाठी हीच पेटी लागण्याचा संभव आहे.

मोटारीचा आणि संगणकाचा संबंध काय, असा प्रश्न काहींना पडेल. पूर्वीच्या गाड्यांत कार्ब्युरेटर असे आणि अनुभवी मिस्त्री नुसत्या आवाजावरून दोष ओळखत असे. १ एप्रिल २००० पासून देशभर 'भारत २०००' हे धुराबाबतचे निकष लागू झाले आणि पेट्रोलच्या मोटारींतून कार्ब्युरेटर मागे पडत गेला. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचे, ठिणगी केव्हा पाडायची, हे ईसीयू नावाची एक छोटी डबी ठरवू लागली. काही बिघडले की ही डबी त्याची नोंद सांकेतिक क्रमांकाने करून ठेवते. तो क्रमांक वाचण्यासाठी एक केबल लागते आणि एक प्रोग्रॅम.

अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सर्व मोटारींना एकाच पद्धतीची, सोळा पिनांची जोडणी सक्तीची झाली. आपल्याकडे अशी व्यवस्था २०१० नंतर टप्प्याटप्प्याने आली. मधल्या दहा वर्षांतल्या अनेक गाड्यांची भाषा मात्र ज्या त्या कंपनीची आहे. आजचा स्वस्तातला स्कॅनर त्या गाडीला लावला, तर तो कित्येकदा मुकाच राहतो. तिची भाषा जाणणारा प्रोग्रॅम, तिची दुरुस्ती-पुस्तिका आणि वायरिंगचे नकाशे जुन्या सीडीवर असतात आणि ती सीडी विंडोज ९८ किंवा एक्सपीसाठी तयार केलेली असते.

मग ही सीडी नव्या लॅपटॉपवर का चालू नये? याची तीन कारणे आहेत. पहिले असे की, त्या काळच्या अनेक प्रोग्रॅमचा इन्स्टॉलर १६ बिटचा असे. ६४ बिटचे विंडोज तो चालवतच नाही आणि विंडोज ११ तर ६४ बिटमध्येच मिळते. दुसरे कारण, केबल जोडायला लागणारा नऊ पिनांचा सीरियल पोर्ट नव्या लॅपटॉपना नसतो. यूएसबीला लावायचा कन्व्हर्टर मिळतो, पण जुना प्रोग्रॅम थेट पोर्टशी बोलत असेल, तर त्याची वेळ जुळत नाही. तिसरे म्हणजे, काही प्रोग्रॅमना परवान्याची खूण म्हणून प्रिंटरच्या पोर्टला लावायची डाँगल नावाची डबी लागते. नव्या यंत्राला तो पोर्टही नसतो.

ही अडचण फक्त गल्लीतल्या गॅरेजची आहे असे समजू नका. १९९० च्या दशकात अवघ्या १०६ तयार झालेल्या 'मॅक्लारेन एफ-१' या जगप्रसिद्ध मोटारीची देखभाल कॉम्पॅक कंपनीच्या एका जुन्या लॅपटॉपवर केली जात असल्याचे २०१६ मध्ये जगाला कळले. त्यावरचा प्रोग्रॅम डॉसचा आणि मोटारीशी जोडणारे खास कार्ड त्याच लॅपटॉपसाठी बनवलेले. कोट्यवधींच्या गाडीचे हे हाल, तर आपल्या साध्या गाडीची काय कथा!

तेव्हा माळ्यावरची पेटी खाली काढली, तर पुढील क्रमाने जावे.

आधी पेटी उघडून अंगणात किंवा गच्चीवर मऊ ब्रशने धूळ काढावी. जुना जाड मॉनिटर मात्र कधीही उघडू नये. बंद असतानाही त्यात जीवघेणा विद्युतदाब साठून राहू शकतो. आतील बोर्डावर नाण्याच्या आकाराचा सेल असतो, बहुधा 'सीआर २०३२'. तो बदलावा. सेल संपला की संगणकाची तारीख चुकते आणि तारीख तपासणारे परवान्याचे प्रोग्रॅम उघडायचे नाकारतात.

संगणक सुरू झाला की काहीही नवे घालण्याआधी हार्ड डिस्कची संपूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. जुनी डिस्क केव्हा दगा देईल याचा नेम नसतो. मूळ सीडीचीही प्रत करून ठेवावी, कारण सीडीही कालांतराने खराब होते. चालू असलेले विंडोज पुसून नव्याने टाकण्याचा मोह टाळावा.

मग इन्स्टॉल करताना अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून आत जावे. सीडीवरची 'रीडमी' फाइल आधी वाचावी. निम्मी उत्तरे तिथेच असतात. प्रोग्रॅम सी ड्राइव्हवर छोट्या, एकाच शब्दाच्या नावाच्या फोल्डरमध्ये टाकावा. केबल यूएसबीची असेल, तर सहसा आधी ड्रायव्हर घालायचा आणि मग केबल जोडायची. पोर्टचा क्रमांकही पाहावा. अनेक जुन्या प्रोग्रॅमना कॉम १ ते कॉम ४ एवढेच पोर्ट ओळखता येतात.

हे सर्व जमले की एक पथ्य कटाक्षाने पाळावे : या संगणकाला इंटरनेट जोडू नये. एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली. 'सर्व गाड्यांचे सॉफ्टवेअर एकाच डिस्कवर' अशी बाजारात स्वस्तात मिळणारी नक्कलही टाळावी. ती बेकायदा तर असतेच, शिवाय तिच्याबरोबर व्हायरसही घरात येतो.

गाडीशी जोडल्यावर प्रथम फक्त वाचावे. ईसीयूमध्ये नवे काही लिहायला जाऊ नये; मध्येच वीज गेली किंवा गाडीची बॅटरी बसली, तर ती डबी कायमची निकामी होऊ शकते. आणि क्रमांक म्हणजे सुट्या भागाचे नाव नव्हे, हे लक्षात ठेवावे. प्रमाणित यादीतला 'पी ०१७१' हा क्रमांक एवढेच सांगतो की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. मग ती फाटलेली नळी असेल, दमलेला पेट्रोल पंप असेल किंवा हवा मोजणारा मळलेला सेन्सर असेल. ते शोधायला मिस्त्रीचे हात आणि कानच हवेत.

एवढा खटाटोप कशासाठी? क्रमांक वाचता आला नाही, तर अंदाजाने एकामागून एक सेन्सर बदलले जातात आणि भुर्दंड गाडीवाल्याला पडतो. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी पुन्हा करावी लागते. त्या वेळी इंजिन नीट नसले, तर चांगली गाडी मोडीत निघते. दोन-चार गिऱ्हाइके अशी गेली की छोट्या गॅरेजचा कणाच मोडतो.

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, त्यामागे हाच प्रश्न होता. सुटे भाग, पुस्तिका आणि दोष शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजवाल्यांना खुल्या बाजारात मिळत नाहीत, असा आयोगाचा निष्कर्ष होता. त्यावर अपिले झाली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर' पोर्टलही सुरू केले; त्यात मोटारींचाही समावेश आहे. हे सर्व चांगलेच आहे. पण जुन्या गाडीसाठी आज हाताशी काय आहे, तर ती सीडी, ती केबल आणि ती पिवळी पेटी.

म्हणून तिला पान्यांच्या पेटीइतकाच मान द्यावा. चाकांच्या टेबलावर ठेवावी, म्हणजे गाडीपाशी नेता येईल. शेजारी एक वही ठेवून परवान्याचा क्रमांक, इन्स्टॉल करण्याचा क्रम आणि कोणत्या गाडीला कोणती केबल लागते, हे लिहून ठेवावे. कॉलेजात जाणाऱ्या मुलीने किंवा मुलाने ड्रायव्हरचे काम हाती घ्यावे आणि बाबांकडून इंजिनाचा आवाज ओळखायला शिकावे. बाबा कधी आजारी पडले, तरी गॅरेजचे शटर उघडलेले राहील.