आधीच खोडलेल्या ओळी

यंदा अंकाचं काम करताना एक गोष्ट सतत खटकत राहिली. कथा निवडली, मुद्रितं लेखकाकडे गेली, की फोन येतो : "अहो, त्या सासऱ्याची जात काढून टाका. देवळातला प्रसंगही नकोच. उगाच कुणाच्या भावना दुखावतील." हरकत कुणी घेतलेली नसते. कथा कुणी वाचलेलीही नसते.

वर्षात तसं बरंच घडलं. बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, कन्नड कादंबरीकार भैरप्पा गेले, बंगळूरची मेट्रो पिवळ्या मार्गावर धावू लागली. 'फुले' चित्रपटातल्या जातिवाचक शब्दांवर सेन्सॉर मंडळाने कात्री चालवली. आणि जूनमध्ये आणीबाणीला ५० वर्षं झाली.

शेषाद्री रस्त्यावरचं फ्रीडम पार्क म्हणजे तेव्हाचं बंगळूरचं मध्यवर्ती कारागृह. आणीबाणीत समाजवादी नेते मधू दंडवते इथे कैदेत, त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगात. संसार सगळा पत्रांवर, आणि तुरुंगातलं पत्र परक्याने वाचल्याशिवाय पुढे जात नसे. अभिनेत्री स्नेहलता रेड्डीही इथेच होत्या, 'संस्कार' या कन्नड चित्रपटातली चंद्री. मद्रासच्या सेन्सॉरने तो चित्रपट अडवला होता. तो करणारे मागे हटले नाहीत, केंद्राने बंदी उठवली आणि १९७० चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यालाच मिळाला. दम्याने खंगलेल्या स्नेहलतांना जानेवारी १९७७ मध्ये पॅरोलवर सोडलं. काही दिवसांतच त्या गेल्या.

मुळात प्राचीन रोममध्ये सेन्सॉर हा नागरिकांची गणती करणारा आणि त्यांच्या वर्तनावर नजर ठेवणारा अधिकारी. म्हणजे हुद्दा असलेला, समोर दिसणारा माणूस. अशा माणसाशी भांडता येतं. 'सखाराम बाइंडर' नाटकासाठी दिग्दर्शक कमलाकर सारंग भांडले, थेट हायकोर्टात गेले. लेखकाने घरबसल्या स्वतःच खोडलेल्या ओळीसाठी कुठे दाद मागायची?

भीती खोटी नाही, हे मला ठाऊक आहे. विचारवंत कलबुर्गींना २०१५ मध्ये धारवाडला, पत्रकार गौरी लंकेश यांना २०१७ मध्ये याच शहरात, दोघांनाही राहत्या घरी गोळ्या घातल्या. म्हणून फोन करणाऱ्या कुणालाही मी भित्रा म्हणणार नाही. पण सासऱ्याची जात काढली की त्या कथेतली सून घर का सोडते, तेच कळेनासं होतं. त्या लेखकाशी दोन संध्याकाळी बोलत बसलो. कथा मूळ रूपात छापली आहे.

पुढच्या वर्षीच्या कथा न खोडता पाठवा. हरकत आलीच तर उत्तर संपादक देईल. नाव-पत्ता याच पानावर आहे.