वय, विवेक आणि भाड्याची खोली

आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी गेल्या वर्षी पुण्यात नोकरीला लागली. खोली पाहायला गेली तेव्हा घरमालकाने आधी आडनाव, मग गाव, मग ‘म्हणजे तुम्ही कोण?’ असे विचारले. ‘उद्या सांगते’ म्हणून ती परतली आणि तिने मला फोन केला. मी म्हणालो, “बाळ, विषय टाळ. आधी डोक्यावर छप्पर येऊ दे.” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सर, महाडचा सत्याग्रह तुम्हीच शिकवलात ना आम्हाला?” दुसऱ्या दिवशी तिने ‘आम्ही बौद्ध’ असे सरळ सांगितले. खोली मिळाली नाही.

पंचविशीतला माणूस ‘योग्य काय?’ हे आधी विचारतो. पन्नाशीतला ‘पुढे काय होईल?’ हे. याला तारुण्याचा उतावीळपणा आणि प्रौढांचे शहाणपण अशी नावे देऊन आपण मोकळे होतो, ते मला पटत नाही. 1978 मध्ये नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. वडिलांनी कंदील विझवून आम्हाला अंधारात बसवल्याचे आठवते. ज्याने किंमत मोजलेली पाहिली आहे, त्याचा हात आखडतोच. त्या आखडण्याला विवेक म्हणायचे की भीती, हा खरा प्रश्न आहे.

महाडचेच पाहू. डिसेंबर 1927 मध्ये सत्याग्रही चवदार तळ्यावर जाण्यास सज्ज होते. न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम मात्र आधीच आला होता. 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन करणाऱ्या परिषदेनेच दोन दिवसांनी सत्याग्रह तहकूब केला. बाबासाहेब तेव्हा अवघे छत्तीस वर्षांचे होते. म्हणजे संयम ही काही वृद्धांची मिरास नव्हे. पण तो संयम भर परिषदेत, कारणे मांडून, उत्साहाने आलेल्या लोकांची नाराजी पत्करून स्वीकारलेला होता. तळ्याभोवती मिरवणूक निघाली, दावा लढवला गेला आणि 17 मार्च 1937 रोजी उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. तेथे पाऊल मागे घेतले गेले. हक्क सोडला गेला नाही आणि ओळख तर मुळीच लपवली गेली नाही.

माझ्या सल्ल्यात यातले काहीच नव्हते. भगवान बुद्धांनी लहानग्या राहुलाला कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतरही ते तपासावयास सांगितले. स्वतःला किंवा दुसऱ्याला त्यातून पीडा होते का, ही त्यांची कसोटी होती. आपण प्रौढ मंडळी ‘करण्यापूर्वी’ फार तपासतो, ‘केल्यानंतर’ क्वचितच. तरुणांचे बहुधा उलटे असते, आणि त्या मुलीलाही चार महिने मैत्रिणीकडे अडचणीत काढावे लागले, हे मी विसरत नाही. पण तिला नंतर काही लपवावे लागले नाही.

मला लागले. माझ्या पहिल्या भाड्याच्या घराच्या वेळी मी घरमालकाला खोटे सांगितले होते. त्या घरात आम्ही अकरा वर्षे राहिलो. बाबासाहेबांची तसबीर कपाटाच्या आत असे. 14 एप्रिलला पुढचे दार लावून, कपाट उघडून आम्ही हार घालत असू. हे मी तिला अजून सांगितलेले नाही. ही स्मरणिका तिच्याही हाती पडेल.