सुरूच्या माहेरी

ऑस्ट्रेलिया म्हटलं की काय आठवतं? कांगारू, ऑपेरा हाऊस आणि पहाटे उठून पाहिलेल्या टेस्ट मॅचेस. सुरूचं झाड? छे! ते तर आपलं, अलिबाग-काशिदचं. पण बॉस, कोकणात ते माणसांनी आणून लावलंय. त्याचं माहेर बघायचं तर बायरन बे गाठा.

ब्रिस्बेनला मावसबहीण राहते, तिथून गाडीने साधारण दोन तास. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीचं अगदी पूर्वेचं टोक इथेच आहे आणि त्यावर १९०१ सालचं पांढरंशुभ्र लाइटहाऊस. मी गेले जुलैत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात. समोरून हंपबॅक व्हेल चाललेले, सगळ्यांचे कॅमेरे तिकडे. मी मात्र पायवाटेच्या कडेला उकिडवी बसलेली! ३.७ किलोमीटरच्या त्या फेरीत आपल्या केवड्याचा चुलतभाऊ पँडॅनस भेटतो, कड्यावर आधारमुळं रोवून उभा. फिकट पिवळ्या कणसांचा बँक्सिया भेटतो. खाली वाळूत चक्क मर्यादवेल, तीच जांभळी फुलं.

फोटोग्राफीचं गणित मात्र इथे उलटं. आपण पश्चिम किनाऱ्याची माणसं, सूर्य समुद्रात बुडवायची सवय. इथे तो समुद्रातून वर येतो. सकाळी पाण्याकडे तोंड केलंत तर पँडॅनसची काळी आकृती मिळते, आणि ती सॉलिड दिसते. पण बँक्सियाच्या कणसातला एकेक तंतू हवा असेल, तर दुपारी साडेतीननंतर या. ऊन पाठीमागून, जमिनीकडून येतं. झाड उजळतं, मागचं पाणी गडद निळं होतं. वारा भन्नाट असतो, त्यामुळे शटर १/५०० च्या खाली नको.

आणि आता ते पिवळं फूल. वाळूच्या उंचवट्यांवर हिरवंगार झुडूप, त्यावर छोट्या डेझीसारखी चकचकीत फुलं, मागे पॅसिफिक. थेट कॅलेंडरच! बहीण म्हणाली, ‘‘अगं, हाच घे ना!’’ घेतला. पण हे आहे बिटू बुश, मूळचं दक्षिण आफ्रिकेचं. किनाऱ्यावरची वाळू उपसून खनिजं काढली गेली, मग उघडी पडलेली वाळू धरून ठेवायला १९४६ ते १९६८ या काळात सरकारी खात्यानेच ते लावलं. ते असं फोफावलं की बँक्सियाच्या रोपांना उगवायला जागा उरेना. आता ड्यूनकेअरचे स्वयंसेवक सुट्टीच्या दिवशी ते उपटत बसतात.

बहिणीने तो फोटो वॉलपेपर म्हणून मागितला. मी पाठवला, खाली नाव-गाव लिहून: बिटू बुश, दक्षिण आफ्रिका. ती म्हणाली, ‘‘मग तुझ्या त्या काशिदच्या फोटोखाली काय लिहिणार?’’

बरोबर आहे तिचं. सुरूच्या बनाचा तो फोटो माझ्या घरी हॉलमध्ये लावलाय, ‘आपलं कोकण’ म्हणून. काढणार नाहीये मी. पण मर्यादवेलीचा एक फोटो त्याच्या शेजारी हवाच. फुलं सकाळीच टवटवीत असतात, दुपारी मान टाकतात. म्हणजे पहिली बोट पकडून भागणार नाही, आदल्या रात्रीच मुक्कामाला जावं लागणार!