पटावर आहे, म्हणजे शाळेत आहे?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत कर्णबधिर मुलांच्या शिक्षणाची अडचण आता उरलेली नाही, असं सांगणाऱ्यांकडे पुरावा असतो. मुलाचं नाव पटावर असतं. दिव्यांग प्रमाणपत्र निघालेलं असतं, श्रवणयंत्र मिळालेलं असतं, पोषण आहार चालू असतो, गटसाधन केंद्रातले विशेष शिक्षक अधूनमधून येऊन जातात. आणखी काय हवं? असं विचारणारा माणूस दुष्ट नसतो. बहुधा तो दोनशिक्षकी शाळेत एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता सांभाळणारा गुरुजी असतो. त्याच्याशी वाद अदबीनेच घालायला हवा. पण घालायला हवा, कारण हे सगळं मिळूनही मूल चौथीत जातं आणि काल पोटात कुठे आणि का दुखत होतं, हे त्याला आईला सांगता येत नाही.

पहिला दावा यंत्राचा. ‘मशीन बसवलंय, आता ऐकू येतं.’ श्रवणयंत्राला आपण चष्म्यासारखं समजतो, तिथेच गफलत होते. चष्म्याने अक्षर स्पष्ट होतं. यंत्राने आवाज मोठा होतो. तो स्पष्ट होईलच असं नाही. बाईंचा आवाज मोठा होतो, तसाच शेजारच्या इयत्तेचा पाढाही मोठा होतो. तळेघर, आहुपे या पश्चिमेकडच्या भागात पावसाळ्यात पत्र्यावर जे कोसळतं, तेही मोठं होतं. त्यात अंतराचा हिशेब वेगळा. समोर बसून केलेलं बोलणं साधारण 60 डेसिबलचं असतं आणि मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की त्यातले 6 डेसिबल गळतात. एका मीटरवरचे 60 चार मीटरवर 48 होतात. गुरुजी फळ्याकडे वळले की तेवढेही उरत नाहीत.

‘मग ओठ वाचेल की.’ हे म्हणणाऱ्याने आरशासमोर उभं राहून आवाज न काढता पान, भान, मान आणि बाण हे चार शब्द म्हणून पाहावेत. ओठांची हालचाल चारही वेळा तीच होते. क आणि ग तर घशाकडेच उरकतात, ते ओठांवर येतच नाहीत. जे मूल मराठी आधीपासून जाणतं, ते संदर्भावरून उरलेलं भरून काढतं. ज्याला मराठीच मिळालेली नाही, त्याने काय भरून काढायचं?

कानाच्या आत शस्त्रक्रियेने बसवायच्या कॉक्लिअर इम्प्लांटला माझा विरोध नाही. जन्मतः बहिऱ्या मुलावर ही शस्त्रक्रिया पाच वर्षांच्या आत व्हावी म्हणून केंद्र सरकारच्या दिव्यांगांसाठीच्या एडिप योजनेतून काही लाख रुपयांची मदत मिळते, आणि ज्यांना ती वेळेत मिळते त्यांनी जरूर घ्यावी. पण शस्त्रक्रियेने काम संपत नाही, तिथून ते सुरू होतं. यंत्र पुन्हापुन्हा जुळवून घ्यावं लागतं, ऐकायची आणि बोलायची तालीम काही वर्षं चालते. भीमाशंकरच्या पायथ्याच्या एखाद्या कुटुंबाला त्यासाठी पुण्याला जायचं म्हणजे प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडवायची. तालीम सुटली की लाखोंच्या यंत्राचा बाहेरचा भाग कपाटात जातो. आणि ही सगळी वर्षं मूल कोणत्या भाषेत विचार करणार, हा प्रश्न यंत्राच्या पावतीवर नसतो.

खरा अडसर यापुढच्या समजुतीचा आहे: खुणा शिकवल्या तर मूल बोलायचं राहून जाईल. हे मत आपल्या गावात जन्मलेलं नाही. 1880 साली मिलानला बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि शिक्षण खुणांनी नव्हे, बोलूनच द्यावं असा ठराव झाला. ठराव करणाऱ्यांत स्वतः बहिरे असलेले प्रतिनिधी जवळजवळ नव्हतेच. त्याच दशकात मुंबईत देशातली पहिली मूकबधिर शाळा उघडली, आणि पुढे बहुतेक भारतीय शाळांवर त्याच मताची छाप बसली. वर्गात हात हलवले तर हातावर पट्टी, आणि मधल्या सुट्टीत मुलं खुणांनीच मनसोक्त गप्पा मारणार, असा दुहेरी कारभार. 2010 साली व्हँकुव्हरला भरलेल्या अशाच परिषदेने मिलानचे ठराव नाकारून खेद व्यक्त केला. तो खेद आपल्या तालुक्यापर्यंत काही पोचला नाही. इथे अजूनही आईला सांगितलं जातं, ‘हाताने दाखवू नका, त्याला बोलायची सवय लावा.’

आता मुलाच्या बाजूने बघू. ऐकू येणारं मूल पहिलीत येतं तेव्हा हजारो शब्द घेऊन येतं, आजीच्या शिव्यांसकट. दहातल्या नऊहून अधिक बहिऱ्या मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात. म्हणजे त्यांच्या घरात त्यांची भाषा कोणालाच येत नसते. असं मूल शाळेत येतं ते भूक, झोप, मार, ये, जा अशा मोजक्या घरगुती खुणा घेऊन. भाषा रुजायची वर्षं पहिल्या पाचातली, आणि ती याला कोरडी जातात. मग सहाव्या वर्षी आपण त्याच्यापुढे बालभारतीचं पुस्तक ठेवतो आणि अक्षरं गिरवून घेतो. अक्षर सुंदर येतं. वाक्याचा अर्थ विचारला की मूल हसतं. खुणांमुळे बोलणं मागे पडतं, ही भीती आपण मनात धरून बसलो आहोत. कोणतीच भाषा नसल्यामुळे सगळंच मागे पडतं, ते मात्र समोर घडत असून दिसत नाही.

कायद्यालाही हे कळलेलं आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं 16 वं कलम सांगतं की बहिऱ्या मुलांचं शिक्षण त्यांना सर्वात योग्य अशा भाषेत आणि माध्यमात व्हावं. 17 वं कलम खुणांची भाषा जाणणारे शिक्षक, त्यांत दिव्यांग शिक्षकही, घडवून नेमायला सांगतं. त्याच कलमात परीक्षेला जादा वेळ आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट आहे. यातली अंमलबजावणी झाली ती शेवटच्या तरतुदीची, कारण सूट द्यायला माणूस नेमावा लागत नाही. पहिल्या पाच वर्षांत भाषा द्यायची नाही आणि दहावीला भाषेतून सूट द्यायची, याला सवलत म्हणायचं धाडस माझ्याकडून होत नाही.

कागदात न बसणाऱ्या मुलांचंही सांगायला हवं. त्याच कायद्यात कमी ऐकू येणारा म्हणजे दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबलचा दोष असलेला. आदिवासी वाड्यांत कान वाहणं इतकं नेहमीचं आहे की ते आजारात धरलं जात नाही. त्यातून एखाद्याला 45 डेसिबलचा दोष राहिला, तर तो कायद्याच्या व्याख्येत बसत नाही आणि शेवटच्या रांगेतून त्याला शब्दांचे तुकडेच ऐकू येतात. प्रगतिपुस्तकावर शेरा पडतो: ‘लक्ष देत नाही.’ राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचं असतं. त्या भेटीत कान नीट तपासला, औषध पूर्ण दिलं, मुलाला पहिल्या रांगेत बसवलं, तर यातली बरीच मुलं विशेष शिक्षणाच्या वाटेला जायचीच नाहीत.

‘मग निवासी शाळेत घाला ना.’ विरोधकांचा हा सर्वात सबळ मुद्दा आहे आणि मी तो अर्धा मान्य करतो. वसतिगृहात बहिऱ्या मुलाला बहिरी मुलं भेटतात, आणि देशभर खुणांची भाषा टिकली ती बरीचशी अशा वसतिगृहांच्या खोल्यांत. दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी मी स्वतः ती सुचवेन. पण चार वर्षांच्या लेकराला घरापासून तोडून भाषा द्यायची, हा उलटा व्यवहार आहे. सुट्टीत मूल घरी येतं तेव्हा त्याच्याकडे सांगायला खूप असतं आणि घरात ते समजणारं कोणी नसतं.

राहता राहिला खर्च. ‘एका शाळेत एकच मूल, त्याच्यासाठी वेगळा माणूस कुठून आणायचा?’ एका शाळेसाठी नकोच. आसपासच्या शाळांचं केंद्र हे एकक धरा. जुन्नर, नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव अशा मोजक्या ठिकाणी केंद्रशाळेतली एक खोली द्या. तिथे आसपासच्या गावांतली तीन वर्षांपासूनची बहिरी मुलं आठवड्यातले निदान तीन दिवस एकत्र येऊ देत, उरलेले दिवस आपापल्या शाळेत. शिकवायला खुणांची भाषा अस्खलित असलेली बहिरी प्रौढ व्यक्ती आणि तिच्या जोडीला लिखित मराठी शिकवणारी बाई. बाजाराच्या दिवशी त्याच खोलीत आईवडील, आजी, अंगणवाडीताई यांचा वर्ग. पश्चिमेकडच्या वाड्यांसाठी घोडेगावचं आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आणि आश्रमशाळा आहेतच. महिना 20 हजार मानधन धरलं तर एका इम्प्लांटच्या मदतीएवढ्या रकमेत अशी एक व्यक्ती निदान अडीच वर्षं काम करते, आणि एका नव्हे, दहा-पंधरा मुलांसोबत.

प्रवासाचं काय? उसाच्या पट्ट्यात पालक बिबट्याचं नाव काढतात तेव्हा साहेबलोक ती सबब समजतात. ज्या मुलाला मागून मारलेली हाक ऐकू येत नाही, त्याच्या आईला ऊस लागलेल्या वाटेची भीती वाटणारच. समग्र शिक्षा अभियानात प्रवास आणि मदतनीस भत्त्याची तरतूद आहे; ती मुलाच्या खात्यात वर्षाअखेरीस पडण्यापेक्षा गाडीच्या रूपात जूनमध्येच दारात यावी.

साहित्य नाही, असंही आता म्हणता येत नाही. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने 10 हजार शब्दांचा कोश केला आहे आणि तो मोबाइलवर दिसतो. 2020 मध्ये एनसीईआरटीशी करार होऊन पाठ्यपुस्तकं खुणांच्या भाषेत आणण्याचं काम सुरू झालं. 2024 च्या डिसेंबरात तिच्यासाठी स्वतंत्र वाहिनी आली. बालभारतीच्या प्रत्येक पाठाचीही अशी चित्रफीत हवी, तीही मुंबई-पुण्याच्या बहिऱ्या शिक्षकांकडून करून घेतलेली.

शेवटी एक खोच उरते, आणि ती विरोधकांनी काढायच्या आत मीच काढतो. ‘असे प्रशिक्षित बहिरे शिक्षक आणणार कुठून?’ खुणांची भाषा शिकवण्याची पदविका बहिऱ्यांसाठीच आहे, पण तिला बारावी लागते. या दोन तालुक्यांतले किती बहिरे तरुण बारावीपर्यंत पोचू शकले असतील, हे वर सांगितलेल्या कारभारावरून उघड आहे. म्हणून पहिली पाच वर्षं पदविकेची अट न घालता, ज्यांची भाषा अस्खलित आहे अशांना सहायक म्हणून नेमा, आणि नोकरीत असतानाच त्यांची बारावी व पदविका करून घ्या. जिल्हा परिषदेच्या ठरावात पहिली ओळ हीच यायला हवी; खोली, गाडी आणि चित्रफिती तिच्यानंतर.