मोहरी-मुळ्याचे मोड : कच्चे की वाफवलेले?

मटकीला मोड आणणं आपल्याला काही नवं नाही. रात्री भिजत घालायची, सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायची, की दुसऱ्या दिवशीच्या उसळीची सोय झाली. पण मी मोहरीला आणि मुळ्याच्या बियांना मोड आणायला घेतले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता फोडणीच्या डब्यात शेती करणार का गं?"

केली खरी! आमच्या भाईंदरच्या ब्लॉकला ना अंगण, ना गच्ची. स्वयंपाकघराच्या खिडकीचा कट्टा तेवढा आहे, पण या शेतीला तेवढा पुरतो.

कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा, मोहरी, अळीव ही सगळी एकाच कुळातली भावंडं. यांच्या फुलाला चार पाकळ्या, अधिकच्या चिन्हासारख्या मांडलेल्या. कुळाचा गुण म्हणजे नाकात जाणारा तिखटपणा. आता पाहा, फोडणीत तडतडलेली मोहरी झोंबत नाही, पण तीच फेसली की डोळ्यांतून पाणी काढते. कारण दाण्यात दोन पदार्थ वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. दाणा कुटला किंवा चावला की ते एकत्र येतात आणि तिखट द्रव्य तयार होतं. त्यातला एक पदार्थ म्हणजे विकर. ते उष्णतेनं निकामी होतं.

हे तिखट द्रव्यच शास्त्रज्ञांच्या कौतुकाचा विषय आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल टॅलले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली दाखवलं, की ब्रोकोलीच्या तीन दिवसांच्या मोडांत सल्फोराफेन ज्यापासून होतं तो पदार्थ पूर्ण वाढलेल्या भाजीच्या 10 ते 100 पट असू शकतो. सल्फोराफेनमुळे शरीरातली, घातक द्रव्यांचा निचरा करणारी यंत्रणा जोर धरते. मोहरी-मुळ्यातली द्रव्यं त्याची चुलत भावंडं. ब्रोकोलीचे आकडे त्यांना तसेच लावू नयेत. शिवाय कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेलं 'क' जीवनसत्त्व मोड येताना तयार होतं, हा फायदा आहेच.

मात्र मोड खाल्ले की कॅन्सर होत नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. छातीत गाठ लागली तर मोड खात थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

आता माझी चूक सांगते. मागच्या पावसाळ्यात धाकटी नणंद माहेरपणाला आली होती. सहावा महिना. मी हौसेनं तीन दिवसांचे कच्चे मोड, वर लिंबू पिळून, बशीभर दिले. रात्री तिला जुलाब सुरू झाले आणि पहाटे सलाईन लावायची वेळ आली. दोष मोडांचाच, असं डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं नाही. पण "गरोदर बाईला कच्चे मोड कशाला दिलेत?" हे मात्र विचारलं. ती आणि बाळ दोघं सुखरूप आहेत. तरी ती रात्र मी विसरलेले नाही.

मोड येण्यासाठी लागते ती ओल आणि ऊब जंतूंनाही हवीच असते. जपानच्या साकाई शहरात 1996 साली शाळेच्या जेवणातून हजारो मुलं आजारी पडली, तेव्हा संशय मुळ्याच्या कोवळ्या मोडांवरच आला होता. बी वरून धुतलं तरी आतल्या फटीतले जंतू जात नाहीत. म्हणून गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि आजारी माणसं यांना मोड वाफवूनच द्यावेत. थायरॉईडच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावं.

मोड असे आणा : दोन चहाचे चमचे मोहरी निवडून, धुऊन, उकळून गार केलेल्या पाण्यात पाच-सहा तास भिजवा. चाळणीत ओलं सुती फडकं पसरून त्यावर दाणे एकेरी थरात पसरा, वर झाकण ठेवा. सकाळ-संध्याकाळ उकळून गार केलेलंच पाणी शिंपडा. दोन दिवसांत मोड येतात, चार-पाच दिवसांत दोन पानं फुटतात. अळीव भिजवला की बुळबुळीत होतो, म्हणून तो थेट ओल्या फडक्यावर पसरावा. पेरणीचं बी औषध लावलेलं असतं, ते चुकूनही घेऊ नका. खाण्यासाठी म्हणून विकतात तेच घ्या. तयार मोड फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा. चिकट झाले, वास आला, तर टाकून द्या.

पण वाफवले की तो तिखट गुण जाणार, मग उपयोग काय? उत्तर सासूबाईंच्या कोशिंबिरीत सापडलं. त्या सगळ्यांत शेवटी फेसलेली मोहरी घालतात. वाफेनं मोडांतलं विकर गेलं, तरी कच्च्या मोहरीतलं त्याची जागा घेतं. इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठात 2018 साली शिजवलेल्या ब्रोकोलीवर मोहरीची पूड घालून लोकांना खायला दिली, तेव्हा सल्फोराफेन चौपटीहून जास्त अंगी लागल्याचं दिसलं.

तेव्हा वाटीभर मोड पाच मिनिटं चांगले वाफवा. कोमट झाले की अर्धी वाटी दही, मीठ, चिमूटभर साखर, कोथिंबीर आणि चहाचा अर्धा चमचा फेसलेली मोहरी घाला. मोहरी थोडं पाणी घालून नाकाला झोंबेपर्यंत फेसायची आणि वरून गरम फोडणी द्यायची नाही, एवढं लक्षात ठेवा.

नणंदेला पुढच्या वेळी मी हीच कोशिंबीर केली. बशी पुढे करताना माझा हात जरा अडखळलाच. तीच हसून म्हणाली, "वहिनी, आणा इकडे. आता वाफवलेत ना?"